भिंतीवरचा ईझल: सव्वा घनफूट पाइन, आठ भोकं, २,१८० रुपये

दहा बाय नऊच्या खोलीत तीन पायांचा ईझल (चित्र काढताना कॅनव्हास धरणारी घोडी) उभा केला की तो अडीच फूट जमीन खातो. झाडताना, पुसताना, कपाट उघडताना प्रत्येक वेळी हलतो. इंग्रजी एच अक्षरासारख्या चौकटीचा जड एच-फ्रेम ईझल हलत नाही, पण तो त्याहून जास्त जागा घेतो आणि महागही असतो. म्हणून भिंतीवरच ईझल बसवायचं ठरवलं. काम ४ जानेवारीला सुरू झालं आणि ८ फेब्रुवारीला संपलं. लिहायला मात्र जून उजाडू दिला, कारण लाकडाचं खरं रूप सोलापूरचा मे महिना गेल्यावरच कळतं.

आधी रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. भिंतीवर दोन आडव्या फळ्या, एक खाली आणि एक वर. त्यांवर दोन उभे खांब, मध्यापासून मध्यापर्यंत २० इंच अंतरावर. प्रत्येक खांब म्हणजे शेजारी-शेजारी लावलेल्या दोन रिपा, मधे ९ मिमीची फट. या फटीतून ८ मिमीचा बोल्ट वर-खाली सरकतो. खालच्या दोन बोल्टांवर कॅनव्हास ठेवायचा ट्रे, वरच्या दोन बोल्टांवर कॅनव्हासची वरची कड धरणारी पकड. मागे बोल्टचं डोकं, पुढे विंग नट, म्हणजे बोटांनी फिरवता येणारा पंखांचा नट. नट सैल केला की सरकतं, आवळला की थांबतं. कप्पी नाही, दोरी नाही, वजन नाही.

भिंत कुठली घ्यायची हे प्रकाशावर ठरतं. खोलीची खिडकी उत्तरेला आहे. उत्तरेचा प्रकाश दिवसभर फारसा बदलत नाही, वर्षाचा बराच काळ ऊन थेट कॅनव्हासवर येत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खिडकी डाव्या हाताला येईल अशी भिंत निवडावी, म्हणजे हाताची सावली चित्रावर पडत नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलात तर स्वतःचीच सावली अंगावर घेऊन बसावं लागेल.

घर जुळे सोलापुरात, भाड्याचं. अकरा महिन्यांच्या करारात भिंतीला भोकं पाडण्याबद्दल एक ओळ असतेच, ती आधी वाचा. ५ जानेवारीला घरमालक काकांना साध्या कागदावर अर्ज दिला: कोणती भिंत, एकूण आठ भोकं, प्रत्येकी १० मिमी व्यासाचं आणि साधारण ८५ मिमी खोल, घर सोडताना बुजवून रंग लावून देऊ. सोबत हाताने काढलेली आकृती आणि भिंतीचा फोटो. "आठच ना? मग काढा, पण वायर बघून," एवढंच ते म्हणाले. सही मात्र पाच दिवसांनी, १० तारखेला मिळाली. तोंडी होकारावर काम सुरू करू नका. अनामत परत मिळण्याच्या वेळी तोच कागद कामाला येतो. भोकांची संख्या आकड्यात लिहिली की समोरच्यालाही धीर येतो.

वायरचं काकांनी बरोबर सांगितलं. बंदिस्त वायरिंग बहुतेक वेळा स्विचबोर्डापासून सरळ वर जातं आणि छताजवळच्या गोल डबीला मिळतं. बोर्डाच्या वरच्या आणि खालच्या उभ्या पट्ट्यात भोक पाडायचंच नाही, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडून मगच पाडायचं. ड्रिल करताना मेन स्विच बंद ठेवून ड्रिलची वायर शेजारच्या घरातून घेतली तर आणखी चांगलं.

११ जानेवारीला वखारीत गेलो. सागवान नको, त्याची गरज नाही. पॅकिंगच्या पेट्यांचं फुकट मिळणारं लाकूडही नको, त्यात साडेसहा फूट सरळ रीप निघत नाही आणि खिळे मशीनची पाती खातात. पाइन पुरतं. मापं इंचात आणि सुतात सांगायची, इंचाचे आठ सूत. रंध्यात प्रत्येक बाजूने एक सूत जातं, म्हणून दोन बाय दीडची रीप हवी असेल तर सव्वादोन बाय पावणेदोन कापायला सांगा. अशा चार रिपा, साडेसहा फुटी. बाकी सगळं एक इंची जाडीचं, म्हणजे कच्चं सव्वा इंच. चार इंच रुंद फळी पाच फूट (ट्रेची पाठ तीन फूट, पकडीची पाठ दोन फूट), तीन इंच रुंद फळी सुमारे अकरा फूट (दोन्ही आडव्या फळ्या, ट्रेचा तळ आणि ठोकळे), पकडीच्या ओठासाठी (कॅनव्हासची वरची कड धरायला पुढे येणारा भाग) दोन इंच रुंद पट्टी दोन फूट. सगळं मिळून सव्वा घनफूट, ९५० रुपये दराने १,१९० घेतले.

रीप निवडताना एक डोळा मिटून तिच्या कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत बघायचं. वाक लगेच दिसतो. मधल्या भागात गाठ असलेली रीप खांबाला घेऊ नका, पुढे तिथेच वाकते. गाठीचं लाकूड ठोकळ्यांना चालतं.

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी, या दिवसांत शहरात कारागीर मिळत नाही आणि मिळावा अशी अपेक्षाही धरू नये. कापलेलं लाकूड १८ तारखेला हातात आलं. वखारीतल्या मिस्त्रींनी रिपेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "ओलं हाय अजून. आठ-दहा दिस घरात पडू द्या, मग रंधा मारू." हा सल्ला पाळाच. ओलं लाकूड रंधून लगेच जोडलं की वाळताना पिळतं आणि फट एका टोकाला सात मिमी, दुसऱ्या टोकाला बारा अशी होते. लाकूड आडवं ठेवायचं, दर दीड फुटावर खाली आणि दोन थरांमधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे चारही बाजूंनी हवा खेळते. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेली रीप त्याच बाकात वाळते. दहा दिवसांत एक रीप कमानीसारखी झाली, ती वखारीने बदलून दिली. २८ जानेवारीला मशीनवर रंधा आणि नेमक्या लांबीची कापणी, २०० रुपये.

या रिकाम्या दिवसांत मंगळवार पेठेत बोल्ट शोधले. लागतो तो कॅरेज बोल्ट: डोकं गोल घुमटासारखं, आणि डोक्याखालची मान चौकोनी. ही चौकोनी मान फटीत अडकते, त्यामुळे पुढून नट फिरवताना मागचा बोल्ट फिरत नाही. साध्या षटकोनी डोक्याचा बोल्ट घेतला तर दर वेळी खांबामागे पान्हा घालून धरावा लागेल. लांबीत माझी चूक झाली. जास्त लांब असलेला बरा, या विचाराने १०० मिमीचे चार घेतले. पण कॅरेज बोल्टला आटे पूर्ण लांबीवर नसतात, ८ मिमीच्या बोल्टला टोकाकडे जेमतेम २२ मिमी असतात. रीप ३८ मिमी, फळी २५ मिमी आणि वॉशर मिळून ६५ मिमी होतात. १०० मिमीच्या बोल्टचे आटे ७८ मिमीनंतर सुरू होतात, म्हणजे नट लाकडापर्यंत पोचतच नाही. बरोबर माप ८० मिमी. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिले. चार बोल्ट, चार विंग नट आणि मोठ्या घेराचे चार वॉशर, १२० रुपये. लहान वॉशर पाइनमध्ये रुततो, मोठाच घ्या.

फटीचं माप या सगळ्या कामाचा जीव आहे. मान ८ मिमीची. फट १२ मिमी ठेवली तर बोल्ट मोकळा फिरेल. १० मिमीत मानेचे कोपरे मऊ लाकडाला कुरतडत जातात आणि काही महिन्यांत तेच होतं. ९ मिमी योग्य. आणि हे माप पट्टीने घ्यायचं नाही. ९ मिमी प्लायचे दोन-चार तुकडे आणायचे (सुताराकडे कचऱ्यात पडलेले असतात), जोडताना दोन रिपांच्या मधे वर, खाली आणि मधोमध घालायचे, रिपा त्यांवर दाबायच्या आणि मग स्क्रू मारायचे. टोकांचे तुकडे तसेच आत राहू द्या.

साडेसहा फुटांच्या रिपा मधोमध एकमेकींपासून दूर पळतात. त्यासाठी मागून एक पूल द्यावा लागतो: प्रत्येक रिपेच्या बाहेरच्या कडेला १५ मिमी जाडीचा, ३० मिमी रुंद तुकडा आणि त्या दोन तुकड्यांवर आडवी पट्टी. मधे जवळपास ५० मिमीची वाट मोकळी राहते, बोल्टचं २१ मिमीचं डोकं पुलाखालून आरामात जातं. पूल न देता थेट पट्टी ठोकली तर ट्रे अर्ध्या उंचीवर येऊन थांबतो.

आता कल. खांब भिंतीला समांतर नकोत, वरून किंचित पुढे झुकलेले हवेत. ओल्या तैलरंगावर चकाकी येते ती थोडी झुकवली की डोळ्यांपासून सरकते. आणि आपल्याकडे फेब्रुवारीनंतर जी धूळ सुरू होते ती उभ्या किंवा मागे रेललेल्या कॅनव्हासवर बसते, पुढे झुकलेल्यावर बरीच कमी. (जलरंगाला उलटा कल लागतो. त्यासाठी टेबलच बरं.) खालची फळी एक इंच जाडीची, तशीच भिंतीला. वरच्या फळीवर प्रत्येक खांबासाठी तीन इंची ठोकळा, म्हणजे खांब खाली भिंतीपासून एक इंचावर आणि वर चार इंचांवर. ७५ इंचांत तीन इंच, म्हणजे सव्वादोन अंशांच्या आसपास. ऐकायला थोडं वाटतं, पण चार फुटी कॅनव्हासची वरची कड जवळपास दोन इंच पुढे येते.

ठोकळा एका जाड तुकड्यातून कापू नका. एक इंची तीन तुकडे एकावर एक फेविकॉलने चिकटवा आणि २४ तास दाबून ठेवा. असं केलं की स्क्रू रेषांना आडवा जातो आणि धरतो. लाकडाच्या मुंड्याकडून, म्हणजे रेषांच्या दिशेने मारलेला स्क्रू ओढला की निघून येतो. कलामुळे ठोकळ्याची आणि खालच्या फळीची खालची कड एक सूत उतरवावी लागते, रंधा चार-पाच वेळा फिरवला की होतं. ती नाही उतरवली तर खांब एका कडेवरच टेकतो आणि आवळताना चिरतो. खांब ठोकळ्याला ६५ मिमीच्या स्क्रूने, खालच्या फळीला मात्र ६० मिमीच्या. रीप आणि फळी मिळून ६३ मिमी आहेत, ६५चा स्क्रू भिंतीला टेकून फळीलाच पुढे ढकलेल. प्रत्येक स्क्रूआधी ३ मिमीचं भोक, नाहीतर पाइन फाटतं.

ट्रे करताना एका गोष्टीकडे लक्ष द्या: विंग नट कॅनव्हासच्या वाटेत येता कामा नये. पाठीची फळी चार इंच उंच. तिच्या वरच्या कडेपासून एक इंच सोडून ट्रेचा तळ बसवला, त्याखाली दोन इंच उरले, बोल्टचं भोक तिथे. पकडीत हेच उलटं: पुढे येणारा ओठ खाली, नट त्याच्या वर. दोन्हीकडची पाठ एक-एक इंच जाडीची आहे, त्यामुळे कॅनव्हास खांबांना समांतर राहतो. पकडीला पाठ न देता नुसता ओठ लावलात तर वरची कड इंचभर मागे जाते आणि मेहनतीने दिलेला कल बराचसा वाया जातो. ट्रेच्या पुढच्या कडेला अर्धा इंच उंच काठ, उरलेल्या लाकडाचा.

ट्रेच्या दोन भोकांपैकी एक गोल, ९ मिमीचं. दुसरं कानशीने आडवं वाढवून १४ मिमी लांब करायचं. दोन खांब कितीही जपून लावले तरी वर आणि खाली एक-दोन मिमीचा फरक राहतोच. दोन्ही भोकं गोल ठेवली की ट्रे त्या जागी अडकतो आणि हातोडी मागतो.

२ फेब्रुवारीला ड्रिल. हॅमर ड्रिल दिवसाच्या भाड्याने २५०, १० मिमीचा बिट ८०, आठ नायलॉन प्लग (भिंतीच्या भोकात बसून स्क्रू धरणारे) आणि ६ मिमी जाड, १०० मिमी लांब स्क्रू ११०. फळीला आधीच ८ मिमीची भोकं पाडून ठेवली होती, ६च्या स्क्रूला थोडी सरकायला जागा. मधली रेषा ओळंब्याने, आडवी रेषा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने. फरशीवर विसंबू नका, फरशी उताराची असते.

भोक पाडताना खाली पडणाऱ्या भुकटीकडे बघत राहायचं, भिंत आतून कशी आहे ते तीच सांगते. सुरुवातीचे दोन सेंटीमीटर पांढुरकी-करडी, ते प्लॅस्टर. मग विटेची लाल. खालच्या चार भोकांत लाल आली, तिथे हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवलं. विटेला ठोके दिले की भोक दहाचं बारा होतं आणि प्लग आत गरगरतो. तिसऱ्या भोकात लाल भुकटी मधेच थांबून वाळू आली, म्हणजे बिट दोन विटांच्या सांध्यात गेला होता. तिथे प्लग धरला नाही. काड्या कोंबून तात्पुरतं घट्ट करण्यात अर्थ नसतो, फळीवर दोन इंच सरकून नवं भोक घेतलं. जुनं बुजवून टाकलं, आणि काकांना आठाचे नऊ झाल्याचं त्याच संध्याकाळी सांगितलं. वर, सात फुटांच्या थोडं पुढे, लाल आलीच नाही. करडीच येत राहिली आणि बिट अडू लागला. अनेक घरांत लिंटेलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा, काँक्रीटचा पट्टा त्या उंचीवर सलग फिरवलेला असतो. तिथे हॅमर सुरू करायचा, दर दहा सेकंदांनी बिट बाहेर काढून थंड होऊ द्यायचा. भोक पडायला वेळ लागतो, पण प्लग तिथेच सगळ्यांत घट्ट बसतो.

पेठांमधल्या जुन्या घरांत भिंत दगड-मातीची असते, तिथे प्लगचा भरवसा धरू नका. खांब सरळ जमिनीपर्यंत न्या, वजन फरशीवर द्या आणि भिंतीवर फक्त मागे धरण्याचं काम सोडा.

५ फेब्रुवारीला खांब चढले, जमिनीपासून दहा इंच वर, म्हणजे खालून पुसता येतं. वरचं टोक ८८ इंचांवर. २० इंचांची काठी वर, मधे, खाली लावून अंतर तपासत स्क्रू आवळले. बोल्ट मागून घालायचे असतात आणि ८० मिमीचा बोल्ट भिंत आणि खांबामधे वळायला जागा फक्त वरच्या एका फुटात आहे. आधी ट्रेचे दोन बोल्ट घालून खाली सोडायचे, मग पकडीचे दोन. क्रम चुकला तर परत काढावे लागतात. ट्रेवरून पकडीपर्यंत जास्तीत जास्त साडेपाच फूट उंचीचा कॅनव्हास बसतो.

दुसऱ्या दिवशी ट्रेवर विटा ठेवल्या. एक, दोन, ठीक. तिसरी ठेवली, मिनिटभराने उजवी बाजू करकरली आणि ट्रे हळूहळू दीड इंच खाली आला. नट घट्ट होते. कारण रिपांच्या पुढच्या बाजूवर होतं: लाकूड छान दिसावं म्हणून तिथे मेणाचं पॉलिश फिरवलं होतं. सगळी पकड घर्षणावर आहे आणि मेण घर्षणच काढून घेतं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने मेण उतरवलं, ट्रेच्या आणि पकडीच्या मागे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. मग चार विटा, साधारण बारा किलो, रात्रभर. पेन्सिलीची खूण सकाळी जागेवरच होती. खांबांच्या पुढच्या बाजूला कसलंही पॉलिश नको. ट्रेला जवसाचं तेल लावायचं असेल तर लावा, पण तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

लाकडाचे स्क्रू ९०, फेविकॉल १००, पॉलिश पेपर ४०. आधीचे आकडे धरून २,१८०. करवत, रंधा, गुण्या आणि कानस घरचे होते. ते विकत घ्यावे लागले तर हिशोब बदलतो, मागून आणलेले बरे.

८ फेब्रुवारीला तीन बाय चारचा कॅनव्हास लावला. पॅलेट नाइफने (रंग ओढायच्या पातीने) दाबून रंग ओढला तरी काही हललं नाही.

मार्चअखेर नट थोडे सैल वाटू लागले, एप्रिलमध्ये पुन्हा आवळले. मेच्या मध्यावर ९ मिमी प्लायचा तुकडा फटीत घातला तेव्हा तो किंचित हलत होता, फट अर्ध्या मिलिमीटरने वाढलेली. कोरड्या हवेत दोन्ही रिपा आपापल्या मध्याकडे आकसतात, त्यामुळे फट रुंदावते. बोल्टची मान तरी फिरली नाही. आता जूनचे दोन पाऊस झाल्यावर तोच तुकडा बोटाने दाबून घालावा लागतोय.